सेंटरचं नाव

पिपलानी, भोपाळ
सोमवार, ९ जानेवारी १९६१

चि. सौ. मनूस अनेक आशीर्वाद,

काल सगळ्यांत आधी आल्या त्या सुमित्राबाईच, आणि त्याही एकट्या! अगं, मुलगी बघायला तिघं येणार होते ना, आई, वडील आणि मुलगा? तिघं काही स्कूटरवर मावत नाहीत, म्हणून बाई सिटी बसनं निघाल्या आणि पोचल्या पुढे. बापलेकांची स्कूटर बरखेड्यापाशी रुसून बसली. कंडक्टरनं "माताजी, पिपलानी" म्हणून उतरवलं, हातात पेरूंची पिशवी, आणि पत्ता विचारत विचारत दारात हजर. इथे सूनबाई शशिकला पोह्यांना फोडणी देत होती, नात सुचेताचे केस ओले. मी म्हटलं, या, स्वयंपाकघरातच बसा. तर बसल्या की पाटावर! कोथिंबीर निवडायला घेतली. मनू, तू सुचवलेलं स्थळ, पण बाई अशा मोकळ्या असतील हे काही लिहिलं नव्हतंस.

नागपुरात त्यांचं घर क्लबच्या मैदानाला लागून होतं, हे तुला ठाऊक असेल. बायकांनी मैदानावर जायची सोय नव्हती, म्हणून कुरडया राखायच्या निमित्तानं गच्चीवर बसून सगळे सामने बघायच्या. "वरून बघितलं की कोण कुठे रिकामा उभा आहे ते बरोब्बर दिसतं," म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, मीसुद्धा बघते! मग काय, पोहे राहिले बाजूला.

तू हा खेळ बघितलेला नाहीस. सांगते. दोन टोकांना खांबांवर एकेक टोपली, तीही बुडाला उघडी. त्यात चेंडू टाकायचा, तो खाली पडतो, आणि पडला तरी गुण मिळतात. एका बाजूला पाचजणं. मागे दोन गार्ड, ते चेंडू आणतात आणि कुणाला द्यायचा ते ठरवतात. पुढे दोन फॉरवर्ड, ते पळत जाऊन टोपलीत टाकतात. आणि मधे सेंटर, तो सगळ्यांत उंच. मी रोज संध्याकाळी क्वार्टरमागे खाट टाकून बघते. आपली सुचेता गार्ड आहे. गार्ड म्हणजे पंगतीतला चांगला वाढपी बघ. कढी वाढतोय या पानावर, पण नजर पार शेवटच्या पानावर. पोरगी अगदी तशी खेळते. मला इतकं छान वाटतं म्हणून सांगू!

तर स्कूटर एकदाची आली. शांतारामराव दारातच थांबले. पायरीवर सुचेताचे कॅनव्हासचे बूट वाळत होते, ते उचलायचे राहिले होते.

"हे कुणाचे?"

"शेजारच्या मुलाचे असतील," शशिकला म्हणाली.

"माझे आहेत," आतून सुचेता!

शशिकलाचा चेहरा बघायला हवा होतास. पण म्हातारबुवा खूश. "खेळतेस? काय?" "बास्केटबॉल." "कुठे?" "इथे, मागच्या मैदानात." "अगं ते झालं. जागा कुठली?" "गार्ड." त्यांनी पोह्यांच्या बशा बाजूला सारल्या आणि चहाचे पाच कप टेबलावर मांडले, दोन मागे, दोन पुढे, एक मधे. "मग सांग बघू. नागपूरच्या मैदानावर आजवर झालेले सर्वांत श्रेष्ठ पाच. जागेप्रमाणे."

सुचेता तर नागपूर सोडलं तेव्हा शाळेत होती. पण तिच्या बापानं, आपल्या नीळकंठनं, तिला लहानपणापासून जेवताना हेच ऐकवलेलं, तिला सगळे पाठ. शशिकला म्हणते, "अहो, तिला शिवणकामाचं विचारा की." कोण ऐकतो! मुलगा, अच्युत, गालातल्या गालात हसत होता. सुचेता म्हणाली, गार्ड पोलिसातले सत्तारमियाँ. ते पटलं. दुसरा गार्ड विजय घटाटे. त्यावर नीळकंठ आणि शांतारामराव भांडले, की घटाटे गार्ड की फॉरवर्ड. इतक्यात सुमित्राबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "घटाटे गार्डच. पुढे गेला की त्याला परत यायचा कंटाळा नव्हता, म्हणून तुम्हाला तो दोन्हीकडे दिसायचा." मग फॉरवर्ड बाईंनीच सांगितले, रेल्वेतला फ्रान्सिस आणि कामठीच्या पलटणीतला करतारसिंग. "फ्रान्सिस डाव्या हातानं टाकायचा, ते खालच्या पंचांना कळायचं नाही, गच्चीवर कळायचं." शांतारामराव बघतच राहिले. मला वाटतं, आपल्या बायकोला इतकं समजतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

राहिला मधला कप. "आणि सेंटर?" त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी पदर सावरला, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "ते राहू द्या आता." "राहू द्या म्हणजे? कुणीच नाही?" "सेंटरचं मी काय सांगायचं." आणि आत आल्या. तेवढ्यात सुचेता बोलली, "सेंटर बाळू! बाबा नेहमी सांगतात, बाळूसारखा झाला नाही." बाळू म्हणजे आपल्या नागपूरच्या पोस्टातला ग, तो ताडमाड.

शांतारामरावांनी तो कप उचलला, बशीत पालथा घातला आणि उठले. "चला. उशीर झाला." चहासुद्धा घेतला नाही. मागाहून नीळकंठ म्हणाला, अगं, ते स्वतः सेंटर खेळायचे, बाळूच्या आधी! मी पाहिलेले नाहीत, पण ऐकून आहे.

आता शशिकला म्हणते, पोरीच्या जिभेनं घालवलं. बूट तिनं ट्रंकेत टाकून कुलूप लावलंय. स्थळाचं काय ते कळेपर्यंत मैदानावर जायचं नाही. आणि येत्या पाच फेब्रुवारीला इथल्याच मैदानावर राज्याच्या मुलींचा संघ निवडायचा आहे ग. सराव नाही तर कसली निवड? सुचेता रडत नाही, पण पोळ्या लाटते त्या भारताच्या नकाशासारख्या. तू काहीतरी कानोसा घे. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
रत्नप्रभा

*

महाल, नागपूर
शनिवार, १४ जानेवारी १९६१

ती. गं. भा. अक्कांस शिरसाष्टांग नमस्कार,

आज संक्रांत. तिळगुळाची पुडी सोबत धाडते आहे, वाटेत चुरा झाला असेल तर चुराच गोड माना.

अक्का, तुमचं पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. मुलगी खेळते हे मी त्या लोकांना मुद्दामच कळवलं नव्हतं. म्हटलं, लग्न झालं की खेळ आपोआप सुटेल, कशाला आधी बोभाटा? आणि तुम्ही बूट पायरीवर! वर आपली सुचेता सासऱ्यासमोर दुसऱ्याला सेंटर ठरवते. माझा जीव वरखाली झाला.

सुमित्राबाईंची धाकटी बहीण आमच्या पलीकडच्या बोळात राहते. तिला तिकडून पत्र आलंय. म्हणते, शांतारामराव त्या रविवारपासून घरात धड बोलत नाहीत. जेवायला बसतात, हवं-नको खुणेनं सांगतात. अच्युतला मुलगी आवडली आहे, पण वडील विषय काढू देत नाहीत. मला तर सरळ दिसतं, ते सुचेतावर रागावलेत. तिच्याकडून दोन ओळी क्षमेच्या लिहून घ्या. लहान माणसानं वाकलं तर काही जात नाही.

पण थांबा, आणखी एक आहे. काल पोस्टात गेले होते तर खिडकीवर बाळूच. आता चांगला सुटलाय, तिकीट चाटायला मान खाली घातली की हनुवटीला दोन घड्या पडतात. मी मुद्दाम विचारलं, का हो, सगळ्यांत मोठा सेंटर कोण? तर म्हणतो, "काकू, शांतारामराव. त्यांच्या वेळी दर टोपलीनंतर चेंडू मधे आणून पुन्हा उडवायचे, म्हणजे सेंटरनं दर वेळी उडी मारायची. ते संध्याकाळभर उडायचे. मी आलो तेव्हा तो नियम जात चालला होता. मला निम्मंच उडावं लागलं." बघा, बाळू स्वतः म्हणतो!

म्हणजे अक्का, परक्याला जे दिसलं ते बायकोला दिसलं नाही असं कसं? चौघांची नावं घेतली आणि नेमका नवराच वगळला, चारचौघांत, व्याह्यांच्या घरी. माझ्या मते त्या दोघांचं आतून काही बिनसलेलं आहे. बहीणही म्हणाली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला शांतारामराव सासुरवाडीला न जाता सामना खेळायला गेले होते म्हणे. बाई ते विसरली नसेल. जिथे नवऱ्याबायकोत असं, तिथे आपली पोर कशाला द्यायची? मी तर म्हणते क्षमाबिमा राहू द्या, दुसरं स्थळ बघू. अकोल्याचं एक आहे. मुलगा खेळबिळ काही खेळत नाही.

आमच्या ह्यांचा खोकला बरा आहे. हे म्हणतात, भोपाळला राजधानी गेली आणि आमची माणसंही गेली. असं म्हणत बसतात संध्याकाळी.

आपली,
मनोरमा

*

पिपलानी, भोपाळ
बुधवार, १८ जानेवारी १९६१

चि. सौ. मनूस आशीर्वाद,

तिळगूळ पोचला. तुझं पत्र मी सुचेताला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण तुझं अक्षर हल्ली मुंग्यांसारखं झालंय आणि मला अडलं की ती सांगते. अकोल्याचं आलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं. शेवटी "आमच्या ह्यांचा खोकला" आलं, तेव्हा हसून म्हणाली, "आजी, धाकटे आजोबा म्हणजे कायमचे हेच का? त्यांना नाव नाही?" मी म्हटलं, चावट कुठची, बाई माणूस नवऱ्याचं नाव लिहील का? "आणि तू? आमच्या आजोबांचं?" मी म्हटलं, तुझ्या बापाला विचार, त्याच्या शाळेच्या दाखल्यावर आहे.

मनू, पोरगी उभीच राहिली. म्हणाली, "आजी! त्या सुमित्राबाईंनी नाव वगळलं नाही. त्या घेतच नाहीत ना नाव!"

अगं, मी माझ्या कपाळावर हात मारून घेतला. मी जन्मात कधी नाव घेतलं नाही, तू घेत नाहीस, आणि आपल्या दोघींच्या हे डोक्यात येऊ नये! बाई दाराशी पदर सावरून उभ्या राहिल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी नुसतं लिहिलं "आत आल्या", तू लिहिलंस बिनसलं. आणि त्या बिचाऱ्या पुरुषाला वाटतंय, बायकोनं गच्चीवरून नऊ-दहा वर्षं बघितलं आणि तिच्या लेखी मी मधल्या कपाचाही नाही. पुरुषांना हे कळत नाही बघ. त्यांनी कुठे कधी एखादं नाव गिळलंय?

शशिकलाला सांगितलं तर म्हणाली, "असेलही. पण ते सासूसासऱ्यांचं झालं. बूट ट्रंकेतच राहतील." तिचंही चूक नाही, आईचा जीव. पण मी तिला येत्या रविवारी हळदीकुंकू करायला लावलंय. रथसप्तमीपर्यंत करता येतंच. सुमित्राबाईंना बोलावणं गेलंय. आणि नीळकंठला सांगितलंय, शांतारामरावांनी बाईंना न्यायला यावं असा निरोप धाड, परतीच्या बसचा नेम नसतो म्हणून. ते येतील का ते बघू.

अकोल्याला काही कळवू नकोस.

रत्नप्रभा

*

महाल, नागपूर
शुक्रवार, २० जानेवारी १९६१

ती. अक्कांस नमस्कार,

पत्र आजच मिळालं, उलट टपाली लिहिते म्हणजे कदाचित रविवारपूर्वी पोचेल.

तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण मला आपली धास्ती. समजा बाईंच्या मनात खरंच बाळू असला तर? चारचौघींसमोर विचाराल आणि त्या पुन्हा गप्प राहतील, मग कायमचं झालं. शिवाय सुचेताला काय हवंय ते कुणी विचारलंय का? सगळे सासऱ्याच्या मानापानात. मी पण त्यातलीच, मी तर तिचा खेळच लपवला. आता वाटतं, लपवून दिलेली मुलगी तिथे जाऊन काय करणार, बूट बघून उसासे टाकणार?

आणि एक गंमत. काल हे गॅलरीत बसले होते. म्हटलं, बघूया. मागून जाऊन नाव घ्यायला तोंड उघडलं, ते नुसतं उघडंच राहिलं. हे म्हणाले, "काय ग, जांभई का?" मी म्हटलं, हो.

काय होईल ते लगेच कळवा.

मनोरमा

*

पिपलानी, भोपाळ
सोमवार, २३ जानेवारी १९६१

चि. सौ. मनूस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र शनिवारी पोचलं आणि बरं झालं. मी सुचेताला विचारलं. म्हटलं, बाई, तुला तो अच्युत पसंत आहे का, ते सांग, बाकीचं मी बघते. म्हणाली, "आजी, ते हसले तेव्हा मला बरं वाटलं. पण मी हो म्हणणार नाही. मला ते एकदा ट्रे घेऊन आलेलं बघून गेलेत. माझा खेळ कुठे पाहिलाय? तो बघून ज्यांना मी नको वाटेन, त्यांना मी नकोच." मी म्हटलं, बरोबर. आणि मनात म्हटलं, आपल्याला कुणी विचारलं असतं तर आपण काय दाखवलं असतं ग?

काल हळदीकुंकू झालं. क्वार्टरच्या बायका, शेजारची पंजाबी सरदारीण, खालच्या मद्रासी बाई, सगळ्या आल्या. मी बापडी विधवा, मी काही बाहेर बसत नाही. स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत होते. सुमित्राबाई आल्या त्या कुंकू लावून घेऊन सरळ आतच आल्या माझ्यापाशी. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "रत्नप्रभाबाई, घरात बोलणं बंद आहे. तुमच्या मुलीचा राग धरून बसलेत. मी किती सांगितलं, लहान आहे ती."

म्हणजे बघ, त्यांनाही तेच वाटत होतं!

मी म्हटलं, "बाई, राग मुलीवर नाही, तुमच्यावर आहे. तुम्ही चार सांगितले आणि सेंटर सोडलात."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, पण मी नाव कसं घेणार? तुमच्या मुलासमोर, तुमच्यासमोर? मला वाटलं त्यांना कळेल. दुसरं कुणाचं असतं तर मी घेतलंच नसतं का?"

"त्यांना नाही कळलं."

मनू, बाई पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं मला वाटत आलं की न घेतलेलं नाव त्यांना ऐकू येतं."

मलाही तसंच वाटत आलेलं. तुझ्या थोरल्या दिरांना ऐकू आलं असेल का, ते आता कुणाला विचारू?

तोवर बाहेर नावं घ्यायचा गलका सुरू झाला होता. सहा वाजले आणि स्कूटरचा आवाज आला. शांतारामराव व्हरांड्यातच उभे, आत या म्हटलं तरी "इथे बरा आहे." अच्युत स्कूटरपाशी. बायका सुमित्राबाईंना ओढून घेऊन गेल्या, "घ्या हो नाव, घ्या!" सरदारीण म्हणते, "बोलो बहनजी, शरमाना क्या!" मी दाराच्या फटीतून बघत होते. बाईंनी पदर सारखा केला, तोंड व्हरांड्याकडे केलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"दोन गार्ड, दोन फॉरवर्ड, चौघांची नावं टाकली सांगून,
सेंटरचे शांतारामराव मात्र ठेवले होते राखून!"

बायका हसल्या, टाळ्या झाल्या, त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे. पण व्हरांड्यात शांतारामराव उभे होते ते मटकन खुर्चीवर बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. नीळकंठ सांगतो, ते नुसतं एवढंच म्हणाले, "हिनं बघितलं होतं तर."

मग आत आले. चहा मागितला आपणहून. आणि काय म्हणावं त्यांनी? "नीळकंठराव, खरं बोलायचं तर बाळू माझ्याहून उंच उडायचा. पण घरचं मत असं आहे, त्याला माझा इलाज नाही." सुमित्राबाई म्हणाल्या, "उंच उडायचा, पण खाली आल्यावर काय करायचं ते त्याला ठरवता यायचं नाही." झालं! पुन्हा सुरू! घटाटे, फ्रान्सिस, करतारसिंग, सगळे माझ्या बैठकीत. मी बाळूनं तुला काय सांगितलं ते सांगितलं, दर टोपलीला उडी मारायचे ते. त्यावर म्हातारबुवा म्हणाले, "बाळू असं म्हणाला? पोस्टात उभा राहून?" त्याला पत्र लिहिणार आहेत.

शेवटी शांतारामराव सुचेताकडे वळले. "मग, आमची गार्ड मंडळी कधी खेळताहेत?" सुचेतानं आईकडे बघितलं. शशिकला म्हणाली, "पाच तारखेला निवडीचा सामना आहे. पण लग्नाचं ठरायचं तर..." सुचेता मधेच म्हणाली, "काका, लग्नाचं मी आज काही सांगणार नाही. आधी तुम्ही सगळ्यांनी मला खेळताना बघावं. मग तुम्ही ठरवा, आणि मग मी ठरवीन."

मला वाटलं, गेलं! तर अच्युत, जो इतका वेळ तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला, "मी खेळत नाही. मला त्यातलं काही कळत नाही. आईशेजारी बसलो तर चालेल ना? ती समजावेल." सुमित्राबाई म्हणाल्या, "मी मात्र आता गच्चीवर बसायची नाही, आधीच सांगते. मला मैदानाच्या कडेची खुर्ची हवी." शांतारामराव म्हणाले, "मिळेल. मी स्वतः धरून ठेवीन."

ते गेल्यावर शशिकला आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला एवढंच. आज पहाटेपासून पोरगी मैदानावर आहे, मी खाटेवर बसून हे लिहितेय, त्यामुळे अक्षर हलतंय. दोघीतिघी उंच पोरी तिच्या अंगावर येतात, ही खाली वाकून मधूनच निघते. काय होईल निवडीचं, काय होईल लग्नाचं, मला माहीत नाही. तिला दोन्ही मिळावं असं वाटतं. पण एकच मिळायचं असलं तर कुठलं, हे तिचं तीच सांगेल, मी बोलणार नाही. तुझ्या अकोलेकरांनी मात्र वाट बघू नये.

भाऊजींना सांग, वेळ काढून इकडे या. तुझी जांभई मी त्यांना सांगणार नाही.

शांतारामरावांकडची तिघंही येतो म्हणून सांगून गेलीत. रविवारी, पाच फेब्रुवारीला, दुपारी चारला. घरी नव्हे ग, मैदानावर.

रत्नप्रभा